रेणूंची स्वयंजुळणी : तारक आणि मारकही

किन्हीराजा (जि. वाशीम) परिसराच्या शिवारातील सोयाबीनचा एक दाणा घेतला, तरी त्यात निसर्गाने केलेली कामाची वाटणी दिसते. आनुवंशिक माहिती जपण्याचे काम डीएनए या न्यूक्लिक आम्लाकडे, तर पेशीची उभारणी अमिनो आम्लांच्या साखळ्यांकडे, म्हणजेच पेप्टाइड व प्रथिनांकडे. या दोहोंचे गुण एकत्र आणणारा रेणू १९९१ मध्ये डेन्मार्कमधील पीटर नील्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला. 'पेप्टाइड न्यूक्लिक अ‍ॅसिड', अर्थात पीएनए, हे त्याचे नाव.

डीएनएचा कणा साखर व फॉस्फेटचा असून त्यावर ऋण विद्युतभार असतो. पीएनएचा कणा पेप्टाइडसारखा व भाररहित असतो. जोड्या जुळविणारे बेस मात्र तेच. त्यामुळे प्रतिकर्षण टळून पीएनए डीएनएला अधिक घट्ट बिलगते. पेशीतील विकरांनाही ते सहजी तोडता येत नाही.

असे रेणू आपोआप एकत्र येऊन रचनाही करतात. तेल अवीव विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये दोन बेसच्या पीएनएच्या सर्व १६ जोड्या तपासल्या. त्यांपैकी ग्वानिन असलेल्या तीनच जोड्यांनी सुबक रचना केल्या आणि त्या प्रकाशही देत होत्या.

पीएनए पेशीत सहज शिरत नाही, ही मोठी अडचण. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. कृष्णा गणेश, डॉ. वैजयंती कुमार आदींनी पीएनएच्या कण्यात बदल करून त्याचे गुणधर्म सुधारण्याचे संशोधन केले.

विदर्भाला या विषयाशी कर्तव्य आहे ते सिकलसेलमुळे. या आजारात जनुकातील एक बेस बदलतो, त्यामुळे प्रथिनातील एक अमिनो आम्ल बदलते. मग ऑक्सिजन सोडल्यानंतर हिमोग्लोबिनचे रेणू आपोआप जुळून ताठ तंतू बनतात व रक्तपेशी विळ्यासारखी वाकते. येथे स्वयंजुळणीच घातक ठरते.

हिमोग्लोबिनच्याच दोषातून होणाऱ्या बीटा थॅलेसेमियात येल विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये पीएनएच्या साह्याने उंदरांमधील सदोष जनुक दुरुस्त करून दाखविले. सिकलसेलच्या रुग्णांसाठी पीएनएचे औषध अद्याप उपलब्ध नाही. तोवर विवाहापूर्वी रक्ततपासणी करून घेणे, हा पुढील पिढीला वाचविण्याचा हाताशी असलेला एक मार्ग आहे.