थकवा आणि आळस

'थकवा' हा मराठी शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. उर्दूत त्याला 'थकान' म्हणतात. मराठीत 'थकणे' आणि उर्दूत 'थकना' ही क्रियापदे तर अगदी सारखी आहेत. थकवा सर्वांनाच येतो. लहानांना येतो, मोठ्यांना येतो, पहिलवानालाही येतो. परंतु सगळा थकवा एकाच प्रकारचा नसतो.

आधी साधा थकवा पाहू. दरवर्षी आषाढी वारीच्या वेळी आळंदी आणि देहू येथून निघालेल्या पालख्या पुण्याहून हडपसरला येतात. तेथून तुकाराम महाराजांची पालखी लोणी काळभोरकडे जाते, तर ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवे घाट चढून सासवडला पोहोचते. पुणे ते सासवड ही सुमारे ३० किलोमीटरांची वाट आहे. संध्याकाळी वारकऱ्यांचे पाय भरून येतात. मग ते जेवतात, झोपतात आणि विश्रांती घेऊन ताज्या दमाने पुढची वाट धरतात. रमजानच्या महिन्यात रोजा ठेवणाऱ्यांचाही अनुभव असाच असतो. दिवस मावळेपर्यंत अंगातली ताकद ओसरते. इफ्तारच्या वेळी खजूर आणि पाणी पोटात गेले, थोडा आराम मिळाला, की पुन्हा तरतरी येते.

या थकव्याचे कारण आपल्याला माहीत असते आणि उपायही माहीत असतो. अन्न, पाणी आणि झोप मिळाली की तो जातो. खरे तर असा थकवा आपला मित्रच आहे. 'आता जरा थांब,' एवढेच तो सांगत असतो.

आता दुसरा थकवा. समजा, हडपसरच्या सय्यदनगरमध्ये एक २४ वर्षांचा तरुण राहतो. घरातली धाकटी भावंडे त्याला भाईजान म्हणतात. आपणही तेच म्हणू. भाईजान औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात काम करतो. तो सायकलने कामावर जातो आणि रविवारी क्रिकेट खेळतो. एकदा त्याला ताप येतो. ताप आठवड्याभरात उतरतो, पण ताकद काही परत येत नाही. रात्रभर झोपूनही सकाळी अंग जड असते. बोलता बोलता साधे शब्द आठवत नाहीत. उभे राहिले की चक्कर येते. रविवारी हिंमत करून तो सामना खेळला, तर सोमवार कसाबसा जातो; पण मंगळवारी अंथरुणातून उठवत नाही. असे सहा महिने जातात. दिसायला मात्र भाईजान पूर्वीसारखाच धडधाकट आहे! मग शेजारी म्हणतात, "एवढा तरणाताठा मुलगा आणि दिवसभर लोळतो!" एक दिवस अब्बाही त्याला कामचोर म्हणतात.

भाईजान आळशी आहे की आजारी?

यासाठी एक सोपी खूण लक्षात ठेवा. आळशी माणसाला काम करावेसे वाटत नाही. आजारी माणसाला करावेसे वाटते, पण शरीर साथ देत नाही. आळशी माणूस काम टाळतो, पण खेळायला आणि सहलीला सर्वांच्या पुढे असतो. भाईजानचे तर आवडते क्रिकेटही सुटले. म्हणून त्याला नावे ठेवण्याआधी डॉक्टरांकडे नेले पाहिजे. दुकानातून ताकदीच्या गोळ्या आणून आपल्याच मनाने इलाज करू नये.

डॉक्टर प्रथम ओळखीची कारणे शोधतात. त्यांतले पहिले कारण म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिनची कमतरता. हिमोग्लोबिन प्राणवायू सर्व शरीरभर पोहोचवते. प्रौढ पुरुषाच्या १०० मिलिलीटर रक्तात ते निदान १३ ग्रॅम आणि स्त्रीच्या रक्तात निदान १२ ग्रॅम असावे लागते. दुसरे कारण म्हणजे गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचे मंदावलेले काम. मधुमेहातही थकवा येतो. क्षयरोगातही येतो, मात्र त्यात बहुधा खोकला, संध्याकाळचा बारीक ताप आणि घटणारे वजन ही लक्षणेही दिसतात. अपुरी झोप आणि मनाची उदासी यांनीही माणूस थकतो.

आणखी एक कारण पुण्यातच नीट तपासले गेले आहे. ते म्हणजे ब-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले. त्यांत खेड्यांतील लोक होते, शहरातील झोपडपट्टीत राहणारे होते आणि मध्यमवर्गीयही होते. २००६ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दर शंभरांमागे ६७ जणांच्या रक्तात ब-१२ कमी होते. सुखवस्तू मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ होते! हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे आणि मांस यांतून मिळते. भाजीपाल्यात ते जवळजवळ नसते. रक्ताच्या तपासणीने ही कमतरता कळते आणि औषधाने ती भरून काढता येते. म्हणून तपासणी टाळू नये.

पण दर वेळी रक्त तपासून उत्तर मिळतेच असे नाही. उत्तर गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ ते ५० वर्षे वयाच्या सुमारे २,५०० स्त्रियांची पाहणी केली. ती २००५ साली प्रसिद्ध झाली. दर शंभरांतील १२ स्त्रियांना सहा महिन्यांहून अधिक काळ थकवा होता. तो रक्त कमी असल्यामुळे असेल, असे कोणालाही वाटेल. पण हिमोग्लोबिनशी या थकव्याचा संबंध आढळला नाही. कमी शिक्षण, घरावरचे कर्ज, मनावरचा ताण, नवऱ्याकडून होणारा छळ यांच्याशी तो आढळला. आपल्या घरात कोणी स्त्री 'मला फार थकल्यासारखे वाटते' असे म्हणत असेल, तर तिला लोहाच्या गोळ्या देऊन भागत नाही. तिच्यावर कशाचा भार आहे, हेही विचारावे लागते.

आता भाईजानकडे पुन्हा वळू. समजा, त्याच्या सगळ्या तपासण्या झाल्या. रक्त चांगले, थायरॉइड चांगली, साखर बरोबर. मग काय समजायचे? तपासणीत काही सापडले नाही, म्हणजे आजारच नाही, असे नव्हे. सहा महिन्यांहून अधिक काळ टिकणारा, झोपेने न जाणारा आणि श्रमानंतर एकदोन दिवसांनी एकदम वाढणारा असा एक आजार आहे. १९८८ साली अमेरिकेतील तज्ज्ञांनी त्याला 'क्रॉनिक फटीग सिंड्रोम' असे नाव दिले. या आजाराचे निश्चित कारण अजून सापडलेले नाही. रक्ताच्या एखाद्या तपासणीने तो ओळखता येत नाही आणि तो पूर्ण बरा करणारे औषधही नाही. मात्र पुष्कळदा त्याची सुरुवात एखाद्या संसर्गानंतर, म्हणजे तापासारख्या आजारानंतर होते.

१९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात अशाच प्रकारच्या आजाराची साथ आली. आश्चर्य म्हणजे दाखल झालेले रुग्ण थोडेच आजारी पडले. परिचारिका, डॉक्टर आणि इतर कर्मचारी मिळून जवळजवळ ३०० जण आजारी पडले. रुग्णालय काही आठवडे बंद ठेवावे लागले. पुढे १९७० साली दोन मानसोपचारतज्ज्ञांनी त्या रुग्णांना न तपासता केवळ जुन्या नोंदी वाचून मत दिले, की हा सगळा मनाचा खेळ होता. या मतामुळे अनेक वर्षे अशा रुग्णांवर कोणी लवकर विश्वास ठेवीना. अखेर २०१५ साली अमेरिकेतील तज्ज्ञांच्या समितीने स्पष्ट सांगितले, की हा शरीराचा गंभीर आजार आहे. २०२० साली कोरोनाची साथ आली. साथीविरुद्धची एक लस आपल्या हडपसरमधील सीरम इन्स्टिट्यूटने तयार केली, हे तुम्हांला ठाऊक असेल. कोरोनातून उठलेल्या काही लोकांचा थकवा पुढे कित्येक महिने गेला नाही. तेव्हा संसर्गानंतरच्या थकव्याकडे साऱ्या जगाचे लक्ष गेले.

हा आजार चपळ माणसालाही होतो. अमेरिकेची फुटबॉलपटू मिशेल एकर्स हिचे उदाहरण पाहा. १९९१ साली स्त्रियांच्या पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अमेरिकेने नॉर्वेला २-१ असे हरवले. ते दोन्ही गोल तिचेच होते. पुढे तिला हाच आजार जडला. तिला आळशी कोण म्हणेल? आजार सांभाळून ती १९९९ चा विश्वचषकही खेळली. पण सर्वांना हे जमत नाही. काही रुग्णांना तर अंथरुणही सोडता येत नाही. म्हणून 'ती खेळली, मग तू का उठत नाहीस?' असे कोणाला विचारू नये.

मग अशा माणसाने जगावे कसे? मराठीत म्हण आहे, 'अंथरूण पाहून पाय पसरावे.' उर्दूत आपण चादर पाहून पाय पसरायला सांगतो. ही म्हण आपण पैशांसाठी वापरतो, पण ती शक्तीलाही लागू पडते. आजारी माणसाची चादर लहान झालेली असते. म्हणून त्याने दिवसाच्या कामांचे लहान लहान भाग करावेत. जे काम बसून होते ते उभे राहून करू नये. पूर्ण थकण्याआधीच विश्रांती घ्यावी. आज बरे वाटते म्हणून आठवड्याचे काम एका दिवसात उरकू नये. कारण त्याची किंमत दोन दिवसांनी द्यावी लागते. कोणत्या कामानंतर त्रास वाढला, हे वहीत लिहून ठेवावे. ती वही डॉक्टरांनाही उपयोगी पडते. पूर्वी अशा रुग्णांना रोज थोडा थोडा व्यायाम वाढवायला सांगत. पण त्याने अनेकांचा त्रास वाढला. २०२१ साली ब्रिटनमधील आरोग्यतज्ज्ञांनी हा सल्ला मागे घेतला.

रुग्णाने आपली चादर ओळखावी, हे खरे. पण ती ओढून घेऊ नये, हे घरच्यांचे काम आहे. आजाऱ्याला बसून नमाज अदा करण्याची मुभा असते. तशीच मुभा त्याला घरात आणि कारखान्यातही मिळायला हवी. भाईजानला काही दिवस हलके काम मिळाले, बाजारातून पिशवी आणण्याचे काम धाकट्या भावाने घेतले, तर त्याची उरलेली ताकद कामावर जाण्यासाठी वाचेल. थकव्याहून अधिक त्रास 'आपल्यावर कोणी विश्वास ठेवत नाही' या दुःखाचा होतो. तो त्रास दूर करायला कोणतेही औषध लागत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरी, शेजारी किंवा वर्गात असा कोणी असेल, तर त्याला आळशी म्हणण्याची घाई करू नका. त्याला डॉक्टरांकडे जायला सांगा. हवे तर सोबत जा. तो खेळायला आला नाही तर रागावू नका. 'उठ, काही झालेले नाही,' असे म्हणू नका. त्याच्याजवळ बसा आणि विचारा, "आज तुला काय जमेल? बाकीचे मी करतो."