फोनने मान टाकली तेव्हा...

मुरगाब सोडून अक-बैताल खिंड चढत होते. उंची तब्बल ४,६५५ मीटर! थंडीने आधी फोनच गारठला. ताजिकिस्तानच्या पामीर हायवेवर रस्ता चुकायची भीती नाही, तो एकच आहे. पण पाणी कुठे, कराकुल गाव अजून किती लांब, हे कळायला नको?

जीपीएसला मोबाइल नेटवर्क लागत नाही. ओपनस्ट्रीटमॅपचे नकाशे मात्र निघण्यापूर्वीच डाउनलोड करा. सायकलचा खास जीपीएस चांगलाच, पण खिसा कापतो. माझी निवड? फोन, पॉवरबँक आणि कागदी नकाशा. (‘कागद घे गं’ असं आई म्हणाली, तेव्हा मी हसले होते.) त्या संध्याकाळी नकाशावर बोटाने किलोमीटर मोजत तंबूची जागा ठरवली. फोन रात्रभर स्लीपिंग बॅगमध्ये पोटाशी घेतला. सकाळी सुरू झाला, शहाणा!