एकाकी जोडीचे वजन
नायट्रोजनच्या बाह्य कक्षेतील पाच इलेक्ट्रॉनांपैकी तीन हायड्रोजनशी बंध जुळविण्यात खर्ची पडले, की उरलेली एकाकी जोडी, बंधांच्या दप्तरी तिची नोंद नसली तरी, आपली जागा सोडीत नाही. आणि गिलेस्पी व नायहोम यांनी १९५७ साली मांडलेल्या उपपत्तीनुसार इलेक्ट्रॉनांच्या जोड्या परस्परांपासून शक्य तितक्या दूर राहत असल्यामुळे, ती बंधांना खाली रेटून अमोनियाच्या रेणूस बुटक्या तिपाईचा आकार देते. बंधकोन सुमारे १०७ अंश.

ध्रुवीयतेचा मामला अधिक गुंतागुंतीचा. हायड्रोजनच्या जागी फ्लोरीन बसविला, तरी तिपाई कायम राहते, आणि इलेक्ट्रॉन ओढण्यात फ्लोरीन सर्वांत जबर असल्यामुळे हा रेणू अधिक ध्रुवीय असावा, असा विद्यार्थ्याचा कयास (तो गैरवाजवीही नव्हे) असतो; परंतु अमोनियाचे द्विध्रुव परिबल १.४७ डिबाय, तर याचे अवघे ०.२३. अमोनियात बंधांची ओढ आणि एकाकी जोडीचा कल एकाच दिशेस असतात. येथे फ्लोरीन खाली ओढतो, जोडी वर, आणि बरीचशी वजावट होऊन जाते. केवळ विद्युत् ऋणतेची कोष्टके घोकविणारे अध्यापन मला म्हणूनच अपुरे वाटते. बोरॉनपाशी तर अशी जोडीच नसते. त्यामुळे बोरॉन ट्रायफ्लोराइडचा रेणू सपाट, आणि परिबल शून्य.