डोळ्यांखालचे काळे आणि वाटीभर दूध

कुंडलिका नदीच्या एका काठाला रोहा आणि दुसऱ्या काठाला अष्टमी. मध्ये पूल. या पुलावरून एक बाई आमच्या संध्याकाळच्या वर्गाला येत असे. वय पस्तिशीच्या आसपास. मोठी हुशार. बाराखडी तिने दीड महिन्यात संपवली. पण पूल चालून आली, की पाच मिनिटे ती दाराशीच बसून राही. दम खाई, मग आत येई.

एके दिवशी ती लाजत लाजत म्हणाली, "ताई, डोळ्यांखाली बघा ना कसं काळं झालंय! शेजारच्या काकू म्हणाल्या, दुधाचा बोळा ठेव. दोन महिने रोज ठेवतेय. काही फरक नाही."

झाले! वर्गातल्या साऱ्याजणी एकदम बोलू लागल्या. कोणी म्हणे, दुधात लिंबू पिळ. कोणी म्हणे, साय लाव. एक म्हातारी म्हणाली, "दूध डोळ्याला कशाला? पोटात घाल!" त्या दिवशी धडा बाजूला राहिला. दुधावरच बोलणे झाले. तेच इथे सांगतो.

आधी एक गोष्ट पाहू. डोळ्यांखाली काळे दिसते म्हणजे काय?

आपल्या अंगावरची कातडी सगळीकडे सारखी जाड नसते. तळपायाची जाड, डोळ्याभोवतीची सर्वांत पातळ. पापणीची कातडी अर्धा मिलिमीटरसुद्धा जाड नसते. कांद्याचा पापुद्रा पाहा, तशी. तिच्याखाली रक्ताच्या बारीक शिरा असतात. वरची कातडी पातळ, म्हणून त्या शिरांचा निळा-जांभळा रंग वर दिसतो. झोप झाली नाही, की हा रंग जास्त उठून दिसतो. धाटावच्या कारखान्यांत रात्रपाळी करून आलेल्या माणसाचे तोंड सकाळी पाहा. सांगायला नको.

काहींच्या कातडीतच तिथे रंग जास्त असतो. आईचे तसे, लेकीचे तसे. त्याला रोग म्हणत नाहीत. काहींना डोळे चोळायची सवय असते. धुळीने, चुलीच्या धुराने डोळे खाजतात. माणूस रोज चोळतो, आणि चोळून चोळून ती जागा काळी पडते. वय झाले, की डोळ्यांखाली खळगा पडतो. त्या खळग्यात सावली पडते. ती नुसती सावली असते, डाग नव्हे! आरसा घेऊन उजेडाकडे तोंड करा. काळेपणा बराच कमी दिसला, तर ती सावली समजावी. सावलीला दूध लावून काय होणार?

मग दुधाचा बोळा अगदीच खोटा का? नाही. आम्ही घरच्या उपायांना हसत नाही. गार दुधात भिजवलेली घडी मिटलेल्या डोळ्यांवर दहा मिनिटे ठेवली, की बरे वाटते. सूज उतरते. गारव्याने बारीक शिरा आकसतात, म्हणून काळेपणाही थोडा वेळ कमी दिसतो. पण हे काम गारव्याचे आहे. माठातल्या गार पाण्याची घडी ठेवली तरी तेवढेच होते. दुधात थोडी स्निग्धता असते, तिने कातडी मऊ लागते, इतकेच. इजिप्त देशाची राणी क्लिओपात्रा दुधाने न्हात असे, अशी गोष्ट सांगतात. राणीकडे दूध उतू जात असेल. आपल्याकडे पिशवी फोडली, की चार कपांत पुरवायचे असते.

ज्यांना बोळा ठेवायचाच आहे, त्यांनी ठेवावा. पण नीट ठेवावा. दूध तापवून गार केलेले असावे. कच्च्या दुधात जंतू असतात. दुधाचा थेंब डोळ्याच्या आत जाऊ देऊ नये. डोळे आले, की काही ठिकाणी डोळ्यात दूध घालतात. ते मुळीच करू नये. डोळ्यातला जंतू त्या दुधावर पोसतो, बुबुळाला जखम झाली तर दृष्टी जाते. कापूस किंवा फडके स्वच्छ असावे. घडी पिळून, डोळे मिटून ठेवावी. मग साध्या पाण्याने तोंड धुवावे. तसेच झोपलात, तर मुंग्या तेवढ्या खूश होतील! लिंबू मात्र पिळू नका. लिंबाने ही नाजूक कातडी भाजते, आणि उन्हात गेल्यावर आणखी काळी पडते. बाजारात गोरे करणारी मलमे मिळतात. त्यांतल्या काहींत पारा सापडला आहे. ती तर घरातच आणू नका.

आता त्या बाईकडे वळू. तिचा काळेपणा आम्हाला तितकासा खटकला नाही. खटकले ते तिचे दाराशी बसणे. आम्ही तिला म्हटले, "खालची पापणी जरा ओढून दाखव बघू." आत लालसर दिसायला हवे. तिथे पांढरट दिसले. नखेही फिकट होती. आम्ही म्हटले, "बाई गं, डोळ्यांखालचे राहू दे. आधी रक्त तपासून ये."

ती सरकारी दवाखान्यात गेली. बोटातून थेंबभर रक्त घेतले. रक्तात हिमोग्लोबिन नावाचा लाल पदार्थ असतो. श्वासातली हवा तोच अंगभर पोचवतो. बाईच्या रक्तात तो किमान १२ असावा, गरोदरपणी ११, पुरुषाच्या १३. तिचा भरला ८.

याला रक्तक्षय म्हणतात, म्हणजे अंगात रक्त कमी असणे. पुलावर दम लागत होता तो यामुळे. रक्त कमी झाले, की तोंड फिकट पडते. फिकट तोंडावर डोळ्यांखालचे काळे अधिक उठून दिसते. आपली नजर काळ्यावर जाते, फिकटावर जात नाही. ही एकटी तिचीच गोष्ट नव्हे. सरकारने २०१९ ते २०२१ या काळात घरोघर पाहणी केली. तेव्हा महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांत ५४ जणींचे रक्त कमी भरले. आमच्या वर्गात वीस बाया. हिशेब तुम्हीच करा.

रक्त कमी का होते? पाळीच्या वेळी अंगावरून जास्त जाते. बाळंतपणे लागोपाठ होतात. घरात सर्वांचे जेवण झाल्यावर बाई उरलेले खाते. शेतात अनवाणी चालताना अंकुशकृमी तळपायातून अंगात शिरतो, आतड्याला चिकटून रक्त पितो. त्याच्यावर जंताची गोळी आहे. आणि मुख्य म्हणजे खाण्यात लोह कमी पडते. लोह म्हणजे लोखंडच. ते अन्नातून मिळते, आणि त्यापासून रक्ताचा लाल रंग होतो.

दवाखान्यातून तिला लोहाच्या गोळ्या मिळाल्या. पंधरा दिवसांनी आम्ही विचारले, "गोळी घेतेस ना?" ती म्हणाली, "घेते की! रोज पेलाभर दुधाबरोबर घेते. ताकद यावी म्हणून."

आम्ही कपाळाला हात लावला. चूक तिची नव्हती, आम्हीच सांगायला विसरलो होतो. दूध चांगले. त्यात चुना असतो, हाडे बळकट होतात. पण दुधात लोह जवळजवळ नाहीच. शिवाय गोळीबरोबर दूध घेतले, तर दुधातला चुना गोळीतले लोह अंगी लागू देत नाही. चहाचेही तसेच. म्हणून गोळी पाण्याबरोबर घ्यावी. आवळा किंवा लिंबाचे सरबत असेल तर फारच छान, त्याने लोह जास्त अंगी लागते. डोळ्यांखाली नको म्हटलेले लिंबू इथे कामाला येते! दूध आणि चहा गोळीपासून दोन तास दूर ठेवावे. गोळीने शौचाला काळे होते, कधी मळमळते. घाबरून गोळी सोडू नये. मळमळले तर जेवणानंतर घ्यावी.

तान्ह्यापेक्षा मोठ्या मुलांचेही सांगून ठेवतो. दीड-दोन वर्षांचे मूल दिवसभर नुसते दुधावर ठेवतात. मूल गुबगुबीत दिसते, पण रक्ताने फिकट होते. त्याला दुधाबरोबर वरणभात, भाजी, अंडे हवेच.

लोहासाठी फार लांब जायला नको. नाचणीची भाकरी आहे. पावसात रानात टाकळा उगवतो, दारात शेवगा असतो. बाळंतिणीला आपण हळिवाचे लाडू देतो, ते काही उगीच नाही. आपल्या रोहा-पेणकडचे वालही चांगले. थंडीत शेतावर पोपटी लावतात, मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी. त्या रात्री घरधन्याइतकेच बाईनेही पोटभर खावे! मासळी, सुकट, मटण, कलेजी यांतले लोह तर भाजीतल्या लोहापेक्षा लवकर अंगी लागते. जेवणावर लगेच चहा मात्र नको.

काही वेळा थांबू नये, थेट डॉक्टरांकडे जावे. सकाळी डोळ्यांभोवती सूज येते आणि पायही सुजतात, तर मूत्रपिंडाचा त्रास असू शकतो. एकाच डोळ्याखाली काळे किंवा सूज आली, दिसायला कमी झाले, पाळीत फार जाऊ लागले, तरीही जावे. गरोदर बाईने तर आशाताईंना विचारून चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज घ्यावी, बाळंतपणानंतरही सहा महिने चालू ठेवावी.

त्या बाईने तीन महिने गोळ्या पाण्याबरोबर घेतल्या. पुन्हा रक्त तपासले, ११ भरले. डॉक्टरांनी आणखी तीन महिने गोळ्या चालू ठेवायला सांगितल्या, अंगात साठा व्हावा म्हणून. तिच्या डोळ्यांखालचे काळे गेले का? थोडे कमी झाले, सगळे गेले नाही. तिच्या आईलाही तसेच आहे, हे तिनेच नंतर हसत सांगितले. बोळा तिने बंद केला आहे. ते वाटीभर दूध आता तिची धाकटी पिते. आणि ती स्वतः पूल ओलांडून येते ती थेट आत, फळ्यासमोर.