पीक सल्ला ॲप्लिकेशनसाठी वेब सर्व्हरची योग्य मांडणी

रोगग्रस्त पानाचे छायाचित्र शेतातूनच पाठवून तज्ज्ञांचा सल्ला मिळविण्याची सोय असलेली वेब ॲप्लिकेशन्स विस्तार कार्यास उपयुक्त ठरतात. मात्र कार्यालयातील संगणकावर सुरळीत चालणारे ॲप्लिकेशन बांधावर अडखळते, तेव्हा दोष अनेकदा ॲप्लिकेशनचा नसून सर्व्हरच्या मांडणीचा असतो. एनजिनएक्स या मुक्त स्रोत वेब सर्व्हरच्या आधारे पुढील बाबी ध्यानात घ्याव्यात.

वेब सर्व्हरचे स्थान : मोबाइलवरून आलेली विनंती प्रथम वेब सर्व्हर स्वीकारतो आणि आत चालणाऱ्या ॲप्लिकेशनकडे सोपवितो. सर्वसामान्य वापरकर्त्यांसाठी ८० व ४४३ हेच पोर्ट खुले ठेवावेत. ॲप्लिकेशन व माहितीसाठा यांचे पोर्ट इंटरनेटवर उघडे ठेवू नयेत.

छायाचित्राची मर्यादा : एनजिनएक्समध्ये एका विनंतीतून पाठविता येणाऱ्या माहितीची मूळ मर्यादा केवळ १ एमबी असते. मोबाइलने काढलेले छायाचित्र बहुधा त्याहून मोठे असल्याने सर्व्हर ४१३ क्रमांकाची त्रुटी दर्शवून ते नाकारतो. 'क्लायंट मॅक्स बॉडी साइझ' या सूचनेद्वारे ही मर्यादा गरजेनुसार, उदाहरणार्थ १० एमबी, करावी. ॲप्लिकेशनची स्वतःची मर्यादाही तपासावी.

सुरक्षित जोडणी : शेताचे स्थान नोंदवायचे असल्यास एचटीटीपीएस अनिवार्य आहे, त्याविना आधुनिक ब्राउझर संकेतस्थळास स्थानाची माहिती देत नाहीत. लेट्स एन्क्रिप्टकडून प्रमाणपत्र विनामूल्य मिळते. त्याची मुदत अल्प असल्याने नूतनीकरण स्वयंचलित ठेवावे. अन्यथा ऐन हंगामात वापरकर्त्यांना सल्ल्याऐवजी धोक्याची सूचना दिसेल.

मंद नेटवर्क : जीझिप सुविधेने मजकूर संकुचित होऊन कमी वेळात पोहोचतो. जेपेग छायाचित्रे मुळातच संकुचित असल्याने त्यांना याचा विशेष लाभ होत नाही. ती मोबाइलवरच लहान करून पाठविण्याची सोय ॲप्लिकेशनमध्ये असावी.

बदलापूर्वी तपासणी : मांडणीत बदल केल्यावर प्रथम एनजिनएक्सची चाचणी आज्ञा चालवावी. चूक नसल्याची खात्री झाल्यावरच 'रीलोड' करावे. त्यामुळे सुरू असलेली सेवा खंडित होत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांनी त्रुटीचा क्रमांक, वेळ व छायाचित्राचा आकार नोंदवून तांत्रिक चमूस कळविल्यास सर्व्हरच्या नोंदवहीतून नेमके कारण शोधणे सुलभ होते. प्रत्यक्ष वापरापूर्वी शेतातून, मोबाइल नेटवर्कवरच एक छायाचित्र पाठवून संपूर्ण व्यवस्थेची चाचणी अवश्य घ्यावी.