एकच क्रिएटिनिन, चार अर्थ : किडनीचा 'नॉर्मल' आकडा वय आणि लिंगानुसार कसा बदलतो

जयंतीच्या निमित्ताने वस्त्यावस्त्यांत आरोग्य शिबिरे होतात. वजन, रक्तदाब, साखर तपासली जाते. कुठे कुठे रक्त घेऊन क्रिएटिनिनही पाहिले जाते. दोन दिवसांनी रिपोर्ट हातात येतो. आकड्यासमोर काही खूण नसेल, तर 'किडनी चांगली आहे' म्हणून तो कागद कपाटात जातो. आमचे म्हणणे असे की, कागद कपाटात टाकण्याआधी तो नीट वाचायला शिकले पाहिजे. कारण क्रिएटिनिनचा जो आकडा पंचविशीतल्या नातवाला निर्धास्त करतो, तोच आकडा त्याच्या आजीला डॉक्टरकडे नेण्याचे कारण ठरू शकतो.

किडनीचे काम कसे मोजतात?

आपल्या प्रत्येक किडनीत साधारण १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात. त्यातला ९९ टक्के शरीर परत घेते आणि उरलेली दीड-दोन लिटर लघवी होते. या गाळण्याच्या वेगाला 'जीएफआर' म्हणतात. निरोगी तरुण माणसात तो मिनिटाला साधारण १०० ते १३० मिलिलिटर असतो. लहानमोठ्या देहयष्टीची तुलना करता यावी म्हणून तो १.७३ चौरस मीटर शरीर-पृष्ठभागाच्या हिशेबात सांगतात.

हा वेग थेट मोजणे खर्चाचे आणि वेळखाऊ आहे. म्हणून रक्तातल्या क्रिएटिनिनवरून त्याचा अंदाज काढतात. क्रिएटिनिन हा स्नायूंत रोज तयार होणारा टाकाऊ पदार्थ. किडनीचा वेग मंदावला की तो रक्तात साचतो.

पण इथेच मेख आहे. हौदातल्या पाण्याच्या पातळीवरून नुसता निचरा कळत नाही. नळ किती सुटला आहे तेही पाहावे लागते. स्नायू जास्त असतील तर क्रिएटिनिन जास्त तयार होते, कमी असतील तर कमी. पुरुषांच्या अंगात सरासरीने स्नायू जास्त, स्त्रियांच्या कमी. उतारवयात दोघांचेही घटतात.

आकडा एक, माणसे चार

क्रिएटिनिन १.१ आहे असे समजू. वय आणि लिंग धरून जीएफआरचा अंदाज देणारे २०२१ सालचे 'सीकेडी-ईपीआय' हे सूत्र लावले, तर २५ वर्षांच्या तरुणाचा जीएफआर सुमारे ९५ येतो. त्याच वयाच्या तरुणीचा सुमारे ७१. सत्तरीच्या पुरुषाचा ७२, आणि सत्तरीच्या स्त्रीचा अवघा ५४. रक्तातला आकडा तोच, पण गाळण्याचा वेग जवळजवळ निम्म्यावर आला.

अनेक लॅब क्रिएटिनिनची मर्यादा पुरुषांसाठी साधारण ०.७ ते १.३ आणि स्त्रियांसाठी ०.६ ते १.१ अशी छापतात. म्हणजे या आजीचा रिपोर्टही 'नॉर्मल'मध्येच बसतो! वयाचा हिशेब त्या मर्यादेत धरलेलाच नसतो.

वयाचा चढ आणि उतार

नवजात बाळाचा जीएफआर जेमतेम २० च्या आसपास असतो. पहिल्या दोन आठवड्यांत तो जवळपास दुप्पट होतो आणि दोन वर्षांच्या सुमारास मोठ्या माणसाच्या पातळीला पोहोचतो. तरी मुलांचे स्नायू लहान असल्याने त्यांचे क्रिएटिनिन कमीच असते. पाच वर्षांच्या मुलाच्या रिपोर्टवर १.० दिसले, तर ते नॉर्मल समजू नये. मुलांसाठी उंची धरून काढायचे वेगळे सूत्र आहे.

तिशी-चाळिशीनंतर हा वेग सरासरीने वर्षाला एकेका अंकाने उतरू लागतो. गाळण्या हळूहळू निकामी होतात आणि नव्या तयार होत नाहीत. सर्वांचाच उतार सारखा नसतो. रक्तदाब आणि मधुमेह ताब्यात नसतील, तर तो तीव्र होतो.

गरोदरपणात उलटे घडते. जीएफआर सुमारे ५० टक्क्यांनी वाढतो आणि क्रिएटिनिन खाली येते. म्हणून गरोदर बाईचे ०.९ किंवा १.० हे 'नॉर्मल' वाटले, तरी डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.

मग आजीला आजार आहे का?

लगेच तसे म्हणता येत नाही. जीएफआर ६० च्या खाली तीन महिन्यांहून अधिक काळ राहिला, तर त्याला किडनीचा दीर्घकालीन आजार म्हणतात. ही रेषा सर्व वयांना एकच असावी का, यावर तज्ज्ञांत वाद आहे. काहींच्या मते ६५ च्या पुढे ती ४५ वर आणावी आणि चाळिशीच्या आतल्यांसाठी ७५ वर न्यावी, म्हणजे म्हाताऱ्यांना उगाच रोगी ठरवले जाणार नाही आणि तरुणांचा आजार नजरेतून सुटणार नाही.

हा गुंता सोडवायला लघवीची तपासणी मदत करते. लघवीतल्या अल्ब्युमिनचे क्रिएटिनिनशी प्रमाण ३० मिलिग्रॅम प्रतिग्रॅमच्या खाली असेल आणि जीएफआर स्थिर असेल, तर तो बहुधा वयाचा उतार असतो. अल्ब्युमिन जास्त जात असेल, तर जीएफआर ९० असला तरी किडनीला इजा होत असू शकते.

तरीही आजीचा ५४ हा आकडा घरच्यांना माहीत असावा. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या अशा किडनीला अधिक घातक ठरतात. मेटफॉर्मिनसारख्या मधुमेहाच्या औषधाची मात्राही जीएफआर पाहूनच ठरवावी लागते.

सूत्रातही पूर्वग्रह शिरतो

अमेरिकेत २००९ च्या सूत्रात कृष्णवर्णीयांचा जीएफआर सुमारे १६ टक्क्यांनी वाढवून धरला जाई. त्यांचे स्नायू जास्त असतात, असे त्यामागे गृहीत होते. परिणाम असा की, कागदावर त्यांची किडनी चांगली दिसे आणि प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत त्यांचे नाव उशिरा लागे. वंश ही जैविक मोजपट्टी नव्हे, हा आक्षेप विद्यार्थी आणि डॉक्टरांनी लावून धरला. २०२१ मध्ये नव्या सूत्रातून वंशाचा गुणक काढला गेला, आणि २०२३ पासून तिथल्या रुग्णालयांना अशा रुग्णांचा वाया गेलेला प्रतीक्षाकाळ मोजून परत द्यावा लागला. जन्मावरून माणसाचे माप काढण्याची खोड विज्ञानाच्या नावानेही चालते, आणि प्रश्न विचारले तर ती मोडतेही.

आपल्याकडचा प्रश्न वेगळा आहे. सूत्र स्त्रीचे वय आणि लिंग धरते. घर मात्र तिचे दुखणे धरत नाही. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत स्त्रिया जास्त आणि किडनी मिळणाऱ्यांत पुरुष जास्त, हे चित्र जुने आहे. शिवाय कुपोषणाने वा कष्टाने अंग झिजलेल्या माणसाचे क्रिएटिनिन मुळातच कमी असते, त्यामुळे त्याची किडनी आहे त्याहून चांगली दिसते. याउलट, जिममध्ये स्नायू कमावलेल्या, क्रिएटिन पावडर घेणाऱ्या पोराचा आकडा किडनी धडधाकट असूनही चढा येऊ शकतो. अशा वेळी 'सिस्टॅटिन सी' ही दुसरी रक्ततपासणी उपयोगी पडते. ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

शिबिरात क्रिएटिनिन तपासत असाल, तर वय आणि लिंग नोंदवून 'ईजीएफआर' छापून द्या, असे लॅबला आधीच सांगा. त्यासाठी वेगळे रक्त घ्यावे लागत नाही, फक्त हिशेब करावा लागतो. मधुमेह, रक्तदाब असलेल्यांची आणि साठीपुढच्यांची लघवीतली अल्ब्युमिन तपासणी जोडा. जुने रिपोर्ट सोबत आणायला सांगा, कारण एका आकड्यापेक्षा दोन वर्षांतला उतार अधिक सांगतो. आणि रांगेत घरातल्या बाया मागे राहणार नाहीत, हे पाहा.

किडनी बराच काळ तक्रार करत नाही. पायावर सूज येईपर्यंत थांबलो, तर पुढे आठवड्याला दोन-तीनदा डायलिसिसची वारी वाट्याला येऊ शकते. आपल्या घरातला रिपोर्ट आज कपाटातून काढा आणि त्यावर आईचे, आजीचे वय लिहून पुन्हा एकदा वाचा.