विश्लेषण : ‘होलिस्टिक न्यूट्रिशनिस्ट’ नेमके करतात काय?

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर अशा उपनगरांत स्टेशनाबाहेरच्या इमारतींवर ‘डाएटिशियन’च्या पाटीशेजारी आता ‘होलिस्टिक न्यूट्रिशनिस्ट’ अशीही पाटी दिसते. वाढते वजन, साखर, थायरॉइड, पीसीओडी अशा तक्रारी घेऊन लोक तिथे जातात आणि ‘कितीची गाडी पकडता?’, ‘रात्री किती वाजता झोपता?’ असे प्रश्न ऐकून थोडे चक्रावतात. हे काम नेहमीच्या आहारतज्ज्ञापेक्षा वेगळे कसे आणि त्यावर विश्वास किती ठेवावा?

हा शब्द आला कुठून?

‘होलिझम’ हा शब्द दक्षिण आफ्रिकेचे नेते यान स्मट्स यांनी १९२६ मधील आपल्या ग्रंथात मांडला. संपूर्ण गोष्ट ही तिच्या सुट्या भागांच्या बेरजेपेक्षा अधिक असते, हा त्याचा गाभा. आहाराच्या बाबतीत त्याचा अर्थ असा, की ताटात काय आहे याबरोबर ते कोण, कधी, कशा मनःस्थितीत आणि किती झोप घेऊन खाते, हेही पाहायचे. आयुर्वेदातली दिनचर्या आणि ऋतुचर्या ऐकत वाढलेल्या मराठी घराला यात फार नवे काही वाटणार नाही.

पहिल्या भेटीत काय होते?

एक उदाहरण घेऊ. समजा, बोरिवलीत राहणारी चाळिशीतली एक महिला चर्चगेटला नोकरी करते. पहाटे साडेपाचला उठून घरातल्यांचे डबे, स्वतः फक्त चहा-बिस्कीट, मग पावणेआठची गाडी. दुपारी एकला पोळी-भाजी आणि लगेच चहा. संध्याकाळी सहाला भूक अनावर झाली की समोसा किंवा वडापाव. घरी पोहोचायला आठ, स्वयंपाक करून सर्वांना वाढून स्वतः जेवायला दहा, झोपायला बारा. तिची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे ‘एचबीए१सी’, ५.९ आली आहे. ५.७ ते ६.४ हा मधुमेहपूर्व टप्पा मानला जातो. हिमोग्लोबिनही कमी आहे.

तिला १,४०० कॅलरींचा छापील तक्ता दिला, तर त्यात सकाळी अकराला फळ आणि पाचला मखाणे असतील. अकराला तिला जागेवरून उठता येत नाही. तक्ता आठ दिवसांत फ्रिजवर चिकटलेला राहतो, आणि ‘तुमच्याकडून पथ्य होत नाही’ हे वर ऐकावे लागते. चांगला समग्र आहारतज्ज्ञ तिच्या दिवसातच जागा शोधतो. ऑफिसातून निघण्यापूर्वी मूठभर चणे-शेंगदाणे, म्हणजे फलाटावरचा समोसा टळतो. चहातील घटक लोहाचे शोषण कमी करतात, म्हणून जेवणानंतरचा चहा तासभर पुढे आणि डब्यात लिंबाची फोड. रात्रीचे जेवण नऊच्या आत यावे म्हणून घरातल्या दुसऱ्या कोणी तरी कुकर लावायचा. हा शेवटचा सल्ला सगळ्यांत अवघड. घरात सर्वांत शेवटी कोण जेवते, हा प्रश्न पोषणशास्त्राइतकाच घराच्या रिवाजाचा आहे.

झोपेचा आणि भुकेचा संबंध खरा आहे?

आहे. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २००४ मध्ये १२ निरोगी तरुणांना सलग दोन रात्री चारच तास झोपू दिले. पोट भरल्याची जाणीव देणारे लेप्टिन हे संप्रेरक त्यांच्यात १८ टक्क्यांनी घटले, तर भूक वाढवणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले. अभ्यास छोटा होता, पण लोकलने ये-जा करणाऱ्याला त्याची प्रचीती रोज येते.

मग डाएटिशियन हे पाहत नाहीत का?

चांगले डाएटिशियन पाहतात. खरे तर समग्र म्हणून जे विकले जाते, त्यातील बराच भाग उत्तम आहारसल्ल्यात पूर्वीपासून आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या १७ मार्गदर्शक सूत्रांतही व्यायाम आणि जीवनशैली आहेच. दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे ही त्यांची शिफारस कुठल्याही ‘डिटॉक्स’ पॅकेजपेक्षा स्वस्त पडते. खरा फरक प्रशिक्षणात आहे. किडनी, यकृत, कर्करोग किंवा इन्सुलिनवरील रुग्णाचा आहार ठरवणे हे क्लिनिकल डाएटिशियन रुग्णालयात शिकतात.

महाराष्ट्रात वाद कशावरून झाला?

ऋजुता दिवेकर यांनी तूप, भात आणि हंगामी स्थानिक फळांना पुन्हा प्रतिष्ठा दिली. थोड्या थोड्या वेळाने खा, हे त्यांचे सुरुवातीच्या पुस्तकातील सूत्र. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर आधारून दिवसातून दोनदाच जेवा, असे सांगितले. एकाच घरात सासरे दोनदा जेवणारे आणि सून दर दोन तासांनी खाणारी, असे दृश्य अनेकांनी पाहिले असेल. दोन्हींचा फायदा सांगणारे भेटतात. मात्र साखर उतरवणारी औषधे घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता जेवणाच्या वेळा बदलल्या, तर साखर एकदम खाली जाऊ शकते.

पाटी कोण लावू शकते?

अडचण इथेच आहे. भारतीय आहारशास्त्र संघटनेची ‘रजिस्टर्ड डाएटिशियन’ ही ओळख शिक्षण, रुग्णालयातील प्रशिक्षण आणि परीक्षेनंतर मिळते. जुहूला एसएनडीटी विद्यापीठाच्या आवारात गृहविज्ञान महाविद्यालय आहे, तिथे या विषयाचे रीतसर शिक्षण मिळते. ‘होलिस्टिक’ या विशेषणाला मात्र अशी कसोटी नाही. काही आठवड्यांच्या ऑनलाइन कोर्सनंतरही ते लावले जाते. २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यवसाय कायद्यात डाएटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट दोघेही आहेत. पण अंमलबजावणी इतकी रेंगाळली, की २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र व राज्यांना मुदत घालून द्यावी लागली. समाजमाध्यमांवर आरोग्यसल्ला देणाऱ्यांनी आपली पात्रता जाहीर करावी, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितले आहे.

सावध कुठे राहावे?

‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ हे वाक्य ऐकले की. करोनाकाळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. किडनीचा आजार असलेल्याला नारळपाणी आणि फळांचे रस पोटॅशियममुळे घातक ठरू शकतात. वॉरफेरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असताना पालेभाज्या अचानक वाढवल्या, तर औषधाचा परिणाम कमी होतो. सल्लागार औषधांची यादी मागत नसेल, गोळ्या बंद करायला सांगत असेल किंवा आपल्याच दुकानातील पावडर हातात देत असेल, तर फी भरण्याआधी उठलेले बरे. पहिल्या भेटीत पदवी कुठली, कुठून घेतली आणि माझ्या डॉक्टरांशी बोलाल का, हे तीन प्रश्न विचारायला संकोच नको. खासगी फी परवडत नसेल, तर महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत आहारतज्ज्ञ असतात. केसपेपर काढून डॉक्टरांकडून त्यांच्याकडे चिठ्ठी मागता येते.